म्हातारीचा कचरा आणि फातिमाचे हात

मक्केत एक म्हातारी राहायची. पैगंबर मुहम्मद तिच्या घरावरून जायचे तेव्हा ती रोज त्यांच्या अंगावर कचरा टाकायची. ते काही न बोलता कपडे झटकत आणि पुढे जात. एके दिवशी कचरा पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौकशी केली तर कळलं, म्हातारी तापानं अंथरुणाला खिळली आहे. मग ते तिच्या घरी गेले, तिला पाणी भरून दिलं, घर झाडून दिलं. म्हातारी ओशाळली आणि मुसलमान झाली.

ही गोष्ट ऐकली नाही असं मुस्लिम मूल भारतात सापडणं कठीण. आजी सांगते, मक्तबमधले हाफिजजी सांगतात, ईद-ए-मिलादच्या जलशात सहा-सात वर्षांचा मुलगा टोपी सावरत माइकसमोर तीच पाठ म्हणून दाखवतो. आता ती कार्टूनच्या रूपात मोबाइलवरही फिरते. अडचण एवढीच, की हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या, प्रमाण संग्रहांत ती कुठेच सापडत नाही. जाणकार उलेमा हे वारंवार सांगतात, तरी गोष्ट हटत नाही, कारण ती गोड आहे आणि सांगायला सोपी आहे.

हदीसच्या संग्रहांत सापडते ती वेगळी गोष्ट. सहीह बुखारीमधली. पैगंबर काबागृहाजवळ नमाज पढत होते. सजद्यात गेले असताना मक्केच्या कुरैश टोळीपैकी एकानं, उक्बा बिन अबी मुऐतनं, कापलेल्या उंटिणीची घाण आणून त्यांच्या पाठीवर टाकली. बाकीचे हसून हसून एकमेकांवर कोसळत होते. हे पाहणारा अब्दुल्लाह बिन मसऊद नंतर सांगतो, की आपल्या मागे कुणाचं बळ नव्हतं, आपण काही करू शकलो नाही. कुणीतरी जाऊन फातिमाला सांगितलं. ती लहान होती. धावत आली, वडिलांच्या पाठीवरची घाण आपल्या हातांनी काढली आणि त्या मोठ्या माणसांना तोंडावर फटकारलं. पैगंबरांनी नमाज पुरी केली आणि त्या टोळक्यातल्या एकेकाचं नाव घेऊन अल्लाहकडे तक्रार केली.

या गोष्टीत एक लहान मुलगी आहे. काही करू न शकल्याची खंत जपणारा साक्षीदार आहे. दुखावलेला बाप आहे आणि त्याची तक्रार आहे. मुलाला धरून ठेवायला लागतं ते सगळं इथे आहे. तरीही वर्गात सांगितली जाते ती म्हातारी. इस्लामच्या सुरुवातीच्या काळातली माणसं मुलांना कशी शिकवली जातात, या प्रश्नाचा मोठा भाग या अदलाबदलीत सामावलेला आहे. मूळ साधनांत माणूस जिवंत आहे. मुलापर्यंत येईतो त्याचा पुतळा होतो.

शिकवण्याची जागा कोणती, याबद्दलही बाहेरच्या माणसाच्या मनात बराच गोंधळ असतो. मुसलमान मुलं मदरशात शिकतात असं सरसकट म्हटलं जातं. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालानं आकडा समोर ठेवला होता: पूर्णवेळ मदरशात जाणारी मुलं शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी फक्त तीन-चार टक्के. बाकीची बहुतेक मुलं शाळेत जातात आणि सकाळी किंवा संध्याकाळी तास-दीड तास मक्तबला. मदरसा आणि मक्तब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच अहवालात स्पष्ट लिहिलेलं आहे. अबू बक्र, उमर, अली, खदीजा, बिलाल ही नावं बहुतेक मुलांच्या कानावर पडतात ती या तासाभरात.

तो तास साधारण असा असतो. असरची नमाज झालेली. मशिदीच्या वरच्या मजल्यावर सतरंज्या अंथरलेल्या, लाकडी रेहाल ओळीनं मांडलेल्या. शाळेचा गणवेश न बदलता आलेली मुलं खिशातून चुरगळलेली टोपी काढून डोक्यावर बसवतात. कुणी ‘नूरानी कायदा’ या अक्षरओळखीच्या पुस्तकावर आहे, कुणी कुरआनच्या तिसाव्या भागावर, सिपाऱ्यावर. हाफिजजी एकेकाला पुढे बोलावून सबक ऐकतात, उच्चार सुधारतात, बाकीचे डुलत डुलत आपापली ओळ घोकतात. कुरआनचं वाचन हे मुख्य काम, आणि ते योग्यच आहे. शेवटची दहा-पंधरा मिनिटं उरतात ती दुआ, नमाजचे नियम आणि सीरत, म्हणजे पैगंबरांचं चरित्र, यांच्या वाट्याला. मग प्रश्न सुटतात. हुजूरांच्या आईचं नाव? आमिना. वडिलांचं? अब्दुल्लाह. दूध पाजणाऱ्या दाईचं? हलीमा. पहिले खलिफा कोण? सगळा वर्ग एका सुरात उत्तर देतो.

हा सवाल-जवाबाचा साचा जुना आणि कसलेला आहे. मुफ्ती किफायतुल्लाह देहलवी यांचं चार भागांचं ‘तालीमुल इस्लाम’ याच पद्धतीचं, आणि कित्येक दशकं ते उपखंडातल्या मक्तबांचं पहिलं पुस्तक राहिलं आहे. मुंबईतून निघालेल्या ‘दीनियात’च्या अभ्यासक्रमानं अलीकडे मक्तबला शिस्त लावली. रोजचा धडा, वयानुसार पुस्तकं, हजेरी, परीक्षा असं सगळं त्यात आलं. मात्र सीरतचा भाग अजूनही बहुतांशी पाठांतराचाच. नावं, नाती, सनावळी मुलाला तोंडपाठ होतात. उमर कोण होते हे मूल सांगू शकतं, पण उमर कसे होते हे विचारलं की गप्प होतं.

त्याच मुलाला शिवाजी महाराजांबद्दल विचारावं. महाराष्ट्रात चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकानं पिढ्यानपिढ्या मुलांना महाराज गोष्टींतून दिले: तोरणा, अफजलखानाची भेट, आग्र्याहून सुटका. मूल हातवारे करून सांगतं. शिकवणारा एका ठिकाणी गोष्ट सांगतो आणि दुसऱ्या ठिकाणी यादी घोकून घेतो, एवढाच यातला फरक. मुलाची ओढ दोन्हीकडे सारखीच असते.

छापील पुस्तकं येण्याआधी मात्र हे काम यादीनं कधीच होत नव्हतं. विजापूरच्या सूफी परंपरेतले दखनी ‘चक्कीनामे’ आणि ‘लोरीनामे’ हे त्याचं जवळचं उदाहरण. अभ्यासक रिचर्ड ईटन यांनी 1978 च्या आपल्या पुस्तकात त्यांच्याकडे लक्ष वेधलं. जात्यावर दळता दळता बायका गात त्या गाण्यांत जात्याचा खुंटा, पाळी, दांडा यांची सांगड अल्लाह, पैगंबर आणि पीर यांच्याशी घातलेली असे. जात्यावरच्या ओवीत वाढलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मांडीवर झोपलेल्या मुलाच्या कानात पैगंबरांचं नाव पिठाच्या वासासकट जात होतं.

इतर भाषांनी तर याहून मोठं काम केलं. तमिळमध्ये उमरुप्पुलवरांनी सतराव्या-अठराव्या शतकाच्या सुमारास ‘सीरापुराणम’ रचलं. पैगंबरांचं हे काव्यचरित्र सुमारे पाच हजार कडव्यांचं आहे, आणि त्यातला निसर्ग तमिळ भूमीचा आहे. बंगालीत सैयद सुलतानांनी ‘नबीवंश’ लिहिलं. मलबारात मोयिनकुट्टी वैद्यरांनी 1876 मध्ये ‘बद्र पडप्पाट्ट’ लिहिलं. बद्रची लढाई इसवी सन 624 मधली, पण तिथल्या मापिळा मुसलमानांच्या मुलांना ती सनावळीतून कळली नाही. त्यांना ती गाण्यातून, ठेक्यातून कळली.

मराठीत असं सीरतकाव्य लोकप्रिय झालं नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहून मराठी संतपरंपरेत मानाचं स्थान मिळवलं, पण त्यांचा विषय वेगळा होता. महाराष्ट्रात या कथांना लोकरूप मिळालं ते मोहरममध्ये. सांगली जिल्ह्यात कडेगावचे उंचच्या उंच ताबूत बघायला गर्दी लोटते. बांबू आणि कागदाचे हे ताबूत उभारण्यात आणि उचलण्यात हिंदू-मुसलमान दोघंही असतात, दोघांचेही मानाचे ताबूत असतात. दक्षिण महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत पंजे बसतात, करबलची गाणी होतात, सरबत वाटलं जातं. हसन-हुसैन ही पैगंबरांच्या नातवांची नावं तिथल्या कोणत्याही जातीच्या मुलाला ठाऊक असतात. ते कोण, कर्बल्यात 680 साली काय झालं, हुसैन यांनी यजीदची सत्ता का मान्य केली नाही, हे मात्र त्या मुलाला फारसं कुणी सांगत नाही. मिरवणूक निघते, गोष्ट मागे राहते.

विसाव्या शतकात उर्दूत सीरतलेखनाला बहर आला, आणि मुलांसाठीची पुस्तकं त्याच बहरात आली. शिबली नोमानींचं ‘अल-फारूक’ हे उमर यांचं चरित्र 1899 चं. त्यानंतर त्यांनी ‘सीरतुन्नबी’ हाती घेतलं. भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ यांनी त्याला पैसा पुरवला, 1914 मध्ये शिबली गेले आणि शिष्य सुलेमान नदवींनी ते काम पुढे नेलं. याच सुलेमान नदवींनी मग शाळकरी मुलांसाठी सोप्या उर्दूत ‘रहमत-ए-आलम’ लिहिलं. इतका मोठा संशोधक मुलांसाठी लिहायला बसला, ही गोष्ट मोलाची आहे. मराठीत साने गुरुजींनी पैगंबरांचं चरित्र ‘इस्लामी संस्कृती’ या पुस्तकात त्याच आत्मीयतेनं सांगितलं.

दुसरं उदाहरण अबुल हसन अली नदवी, म्हणजे अली मियाँ यांचं. पुतण्याला अरबी शिकवायची होती, आणि बाजारातल्या अरबी बालकथा त्यांच्या मनास येईनात. म्हणून त्यांनी ‘कससुन्नबिय्यीन’ लिहायला घेतलं. छोटी वाक्यं, तेच शब्द पुन्हा पुन्हा, आणि सुरुवात एका गावातल्या मूर्ती विकणाऱ्या माणसापासून, ज्याच्या घरात इब्राहीम नावाचा शहाणा मुलगा आहे. मूल आधी गोष्टीत अडकतं, भाषा मागून येते. मालिकेच्या शेवटच्या भागात मुहम्मद पैगंबर येतात. आजही मदरशांत पहिली अरबी वाचली जाते ती या पुस्तकांतून.

शिया मुलांची वाट थोडी वेगळी. लखनौमध्ये 1968 साली मौलाना गुलाम अस्करी यांनी ‘तंजीमुल मकातिब’ उभी केली आणि गावोगावच्या मक्तबांसाठी इयत्तावार पुस्तकं काढली. त्यांत अली, फातिमा, हसन, हुसैन आणि पुढचे इमाम मध्यभागी आहेत. इस्माइली मुलांसाठी लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ इस्माइली स्टडीजनं ‘तालीम’ नावाचा अभ्यासक्रम तयार केला, तो अनेक देशांत, अनेक भाषांत चालतो. सिंगापूरमध्ये तिथल्या सरकारमान्य इस्लामिक परिषदेचा मुलांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम आहे. ब्रिटनमध्ये शाळेनंतरच्या मदरशांसाठी रंगीत, श्रेणीबद्ध पुस्तकांचे संच निघतात.

या सगळ्यात महाराष्ट्रानं बारकाईनं बघावं ते केरळकडे. ‘समस्त’ या तिथल्या उलेमांच्या संघटनेचं शिक्षण मंडळ 1951 मध्ये स्थापन झालं. आज त्याच्या छत्राखाली दहा हजारांच्या आसपास मदरसे आहेत. मुलं सकाळी शाळेआधी तिथे जातात, त्यामुळे संध्याकाळी असतात तशी थकलेली नसतात. मंडळाची सामाईक परीक्षा असते. आणि ‘तारीख’, म्हणजे इतिहास, हा तिथे स्वतंत्र विषय आहे, त्याचं स्वतंत्र पाठ्यपुस्तक आहे. लिपी अरबी असली तरी भाषा मल्याळम. मूल घरी ज्या भाषेत भांडतं, त्याच भाषेत ते बिलालबद्दल वाचतं.

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमान 1 कोटी 29 लाखांच्या आसपास, म्हणजे लोकसंख्येच्या साडेअकरा टक्के. त्यातली कितीतरी मुलं मराठी किंवा इंग्रजी शाळेत जातात. कोकणात घरची भाषा कोकणी-मराठी, खानदेशात अहिराणी कानावर, पश्चिम महाराष्ट्रात दखनी आणि मराठी यांची सरमिसळ. मक्तबमध्ये मात्र धडा उर्दूत, तोही पुस्तकी उर्दूत. मूल ‘ईसार’, ‘तवक्कुल’, ‘इस्तिकामत’ हे शब्द पाठ करतं आणि त्यांचा अर्थ दुसऱ्या पाठ केलेल्या शब्दात सांगतं. मुंबईच्या इस्लामिक मराठी पब्लिकेशन ट्रस्टनं कुरआनच्या मराठी अनुवादापासून सीरतपर्यंत बरीच पुस्तकं काढली, 1990 मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्यानंतरही संमेलनं होत राहिली. पण आठ वर्षांच्या मुलानं उताणं पडून वाचावं, असं सहाबांच्या, म्हणजे पैगंबरांच्या साथीदारांच्या, गोष्टींचं देखणं मराठी पुस्तक घराघरांत दिसत नाही. दिल्लीच्या गुडवर्डसारख्या प्रकाशनाची इंग्रजी पुस्तकं शहरातली मुलं वाचतात. मराठी शाळेतल्या मुलाची झोळी रिकामी राहते. मराठी ही आपली भाषा आहे असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला ही उणीव टोचायला हवी, त्याचा धर्म कोणताही असो.

भाषेनंतर प्रश्न येतो तो माणूसपणाचा. इथे शिकवणाऱ्याची भीती समजण्यासारखी आहे. ज्यांच्याबद्दल आदर रुजवायचा त्यांची चूक, त्यांचा संकोच, त्यांचा राग मुलांसमोर कसा मांडायचा? पण कुरआननं स्वतः हा संकोच पाळलेला नाही. ‘अबस’ ही ऐंशीवी सूरा घ्या. सुन्नी परंपरेतली हकिगत अशी: पैगंबर कुरैशांच्या सरदारांशी बोलण्यात गुंतले होते, त्यांनी ऐकून घ्यावं अशी त्यांची तळमळ होती. तेवढ्यात अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम हा आंधळा माणूस आला आणि मला शिकवा म्हणू लागला. पैगंबरांच्या कपाळावर आठी पडली, त्यांनी तोंड फिरवलं. आणि वही, म्हणजे अल्लाहचा संदेश, उतरली ती त्यांनाच टोकणारी. पुढे याच इब्ने उम्मे मक्तूमना ते मानानं वागवत, मदीनेत ते मुअज्जिन, म्हणजे अजान देणारे, झाले, आणि पैगंबर बाहेरगावी जात तेव्हा कधी कधी मदीना त्यांच्या हवाली करून जात.

वर्गात एखादं मूल अडखळत वाचणारं असतं, एखादं चाचरत बोलणारं असतं. त्या वर्गात ही गोष्ट केवढी उपयोगाची आहे. मात्र ती सांगताना दुसरी बाजूही माहीत हवी. बहुतेक शिया भाष्यकारांच्या मते आठी घालणारा माणूस दुसराच होता, कारण पैगंबरांकडून असं वागणं घडणार नाही. एकाच वस्तीत दोन्ही घरची मुलं असतील तर शिकवणाऱ्यानं दोन्ही वाचनं आदरानं सांगावीत. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ‘काही लोक असं मानतात, काही तसं’ हे कळतं. त्यानं त्याची श्रद्धा डळमळत नाही.

उमर यांच्याबद्दलही असंच. मुलांना बहुधा तलवार उपसून निघालेले उमर आणि नंतरचे विजय कळतात. त्यापेक्षा ती रात्र सांगावी. खलिफा उमर मदीनेबाहेर फिरताना त्यांना दूरवर आग दिसते. एक बाई चुलीवर भांडं ठेवून बसली आहे, मुलं भुकेनं रडताहेत, आणि भांड्यात आहे नुसतं पाणी. अन्न शिजतंय असं वाटून मुलांचा डोळा लागावा म्हणून. समोर कोण उभा आहे हे न ओळखता बाई उमरलाच बोल लावते. उमर धावत कोठारापर्यंत येतात, पिठाचं पोतं पाठीवर घेतात. सोबतचा अस्लम मी घेतो म्हणतो, तर विचारतात, कयामतच्या दिवशीही माझं ओझं तूच उचलणार आहेस का? मग ते स्वतः चूल फुंकतात आणि धूर दाढीतून निघताना अस्लम पाहतो. चुलीचा धूर डोळ्यांत गेलेल्या घरातल्या मुलाला हा राज्यकर्ता समजावून सांगावा लागत नाही.

बायकांच्या वाट्याला पुस्तकांत अजूनही ‘उम्महातुल मोमिनीन’ची, म्हणजे पैगंबरांच्या पत्नींची, यादी आणि ‘नेक बीबी’चे गुण येतात. अशरफ अली थानवींचं ‘बहिश्ती जेवर’ कित्येक मुलींना सासरी जाताना दिलं गेलं. त्याचा आठवा भाग पूर्ण नेक स्त्रियांच्या गोष्टींचा आहे, आणि मुलींना वाचायला-लिहायला यावं यासाठी त्या काळी त्यानं केलेलं काम मोठं आहे. पण साधनांतल्या बायका पुस्तकातल्या बायकांपेक्षा कितीतरी जास्त बोलक्या आहेत. खदीजा व्यापारी होत्या. मुहम्मद त्यांचा माल घेऊन शामला, म्हणजे सीरियाकडे, गेले होते, लग्नाचा विचारही खदीजांकडूनच पुढे आला. पहिल्या वहीनंतर थरथरत घरी आलेल्या नवऱ्याला पांघरूण घालणाऱ्या आणि धीर देणाऱ्या त्याच. आयशांच्या नावावर दोन हजारांहून जास्त हदीस आहेत, मोठमोठे सहाबा त्यांच्याकडे शंका घेऊन येत. आणि त्याच आयशा पैगंबरांबरोबर धावण्याची शर्यत लावतात, पहिल्यांदा जिंकतात, पुढे केव्हातरी हरतात. वर्गातल्या मुलींना शर्यतीचा किस्सा सांगून बघावा.

उम्मे सलमांचं तर नावही पुष्कळ मुलांना यादीतल्या एका क्रमांकापुरतं माहीत असतं. 628 साली हुदैबियाचा तह झाला. उमराह न करताच परतायचं ठरलं, साथीदार खचले होते. पैगंबरांनी कुर्बानी करून केस उतरवायला सांगितलं, तीनदा सांगितलं, कुणी जागचं हललं नाही. ते तंबूत गेले आणि उम्मे सलमांना हकिगत सांगितली. त्या म्हणाल्या, कुणाशी काही बोलू नका, बाहेर जा आणि तुम्ही स्वतः सुरुवात करा. त्यांनी तसं केलं आणि सगळे उठले. एवढ्या मोठ्या पेचातून वाट काढणारा सल्ला एका बाईचा होता. मुलांना हे सातवीच्या आत कळायला हवं.

बिलाल मात्र सगळीकडे आहेत. हबशी गुलाम, तापल्या वाळूवर छातीवर धोंडा ठेवून उमय्या बिन खलफनं केलेला छळ, तोंडात फक्त ‘अहद, अहद’, अबू बक्रांनी विकत घेऊन केलेली सुटका, आणि मग इस्लामचा पहिला मुअज्जिन. संयुक्त अरब अमिरातीत त्यांच्यावर अ‍ॅनिमेशनपटही निघाला. गोष्ट माहीत नाही असं होत नाही. पण ज्या मोहल्ल्यात सोयरीक बिरादरी पाहून ठरते आणि मुलगी सावळी म्हणून स्थळं परत जातात, त्या मोहल्ल्यातल्या मक्तबनं बिलालची गोष्ट वाळूपाशी थांबवू नये. काळ्या रंगाच्या, कालपर्यंत गुलाम असलेल्या माणसाचा आवाज साऱ्या गावाला नमाजसाठी बोलावतो, हे मक्केतल्या घराणेदारांना किती झोंबलं असेल, ते मुलांना विचारावं. मुलं आपोआप स्वतःच्या गल्लीबद्दल बोलू लागतात.

सगळ्यात अवघड प्रकरण 632 नंतरचं. पैगंबर गेले, आणि वारसा कुणाचा यावर मतभेद झाले. अबू बक्र, उमर, उस्मान, अली असे चार खलिफा झाले. उस्मान यांची 656 मध्ये घरात हत्या झाली. त्याच वर्षी बसऱ्याजवळ जमलच्या लढाईत एका बाजूला अली होते, दुसऱ्या बाजूला आयशा. पुढल्या वर्षी सिफ्फीनची लढाई. 661 मध्ये अलींवर नमाजच्या वेळी वार झाला. मग कर्बला. ज्यांच्याविषयी दहा वर्षं फक्त आदर शिकवला, ती माणसं एकमेकांसमोर उभी ठाकली, हे मुलाला कसं सांगायचं?

सुन्नी परंपरेचं उत्तर जुनं आहे: सहाबांमधल्या या झगड्यांत जीभ आवरावी, कुणाचीही निंदा करू नये. त्यामागे समाज फुटू नये ही तळमळ होती. शिया परंपरेत हीच वर्षं शिकवणीचा गाभा आहेत, कारण अलींचा हक्क आणि हुसैन यांचं बलिदान यांच्याशिवाय तिथे कथाच उभी राहत नाही. दोन्ही भूमिका समजून घेण्यासारख्या आहेत. पण एका सरकारी पुस्तकातून दोन्ही मुलांना एकच कथा शिकवायला निघालं की काय होतं, ते पाकिस्तानच्या गिलगिटनं पाहिलं. तिथल्या शियांनी शाळेतल्या पुस्तकांत फक्त सुन्नी दृष्टी आहे म्हणून वर्षानुवर्षं आंदोलन केलं. आंदोलनाचे नेते आगा जियाउद्दीन रिजवी यांच्यावर जानेवारी 2005 मध्ये प्राणघातक हल्ला झाला, त्यात ते गेले, पाठोपाठ शहर पेटलं आणि संचारबंदी लागली. पाठ्यपुस्तकातल्या धड्यांवरून माणसं मेली.

भारतात हा प्रश्न सरकारी पुस्तकात येत नाही, म्हणून तो नाही असं नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात मोबाइल आहे. जमल आणि सिफ्फीन तो तिथे ऐकतो, कधी अर्धवट, कधी दुसऱ्या पंथाला शिव्या देणाऱ्या माणसाकडून, कधी साऱ्या धर्मालाच शिव्या देणाऱ्याकडून. मग तो मक्तबच्या मौलानांना विचारतो आणि त्याला गप्प बसवलं जातं. गप्प बसवणारे वाईट नसतात. त्यांना स्वतःला कुणी हे सांगायला शिकवलेलं नसतं. निदान नववी-दहावीच्या वयात, शांत आवाजात, घटना कोणत्या क्रमानं घडल्या, प्रत्येकाला काय वाटत होतं, आणि लढाईनंतर अलींनी आयशांना सन्मानानं मदीनेला कसं पोचवलं, एवढं तरी मोठ्या माणसाच्या तोंडून मुलाला मिळायला हवं.

आणि चित्रं? मुलांचं पुस्तक म्हटलं की चेहरा आलाच, आणि इथे चेहरा दाखवायचा नाही. या मर्यादेतून कल्पक वाटाही निघाल्या. 1976 मध्ये मुस्तफा अक्कादनी ‘द मेसेज’ काढला तेव्हा कॅमेराच पैगंबरांच्या नजरेच्या जागी ठेवला. समोरची माणसं प्रेक्षकाकडे बघून त्यांच्याशी बोलतात. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कित्येकांनी पैगंबरांचे काका हमजा यांना आणि बिलालना पहिल्यांदा त्याच्या कॅसेटवर पाहिलं. 2012 च्या रमजानमध्ये ‘उमर’ ही अरबी मालिका आली. तिच्यात चारही खलिफांच्या भूमिका नटांनी चेहऱ्यासह केल्या. अल-अजहरनं विरोध केला, यूसुफ करजावींसारख्या उलेमांनी संहितेवर नजर ठेवून पाठिंबा दिला, आणि डबिंग, सबटायटल होऊन ती घराघरांत पोचली. 2015 मध्ये इराणच्या माजिद मजिदींनी पैगंबरांच्या बालपणावर चित्रपट केला, संगीत ए. आर. रहमान यांचं होतं. चेहरा दाखवला नव्हता, तरी मुंबईच्या रजा अकादमीनं फतवा आणला. वाद चालूच राहतील. लहान मुलांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट शिक्षकांच्या ध्यानात येते: चेहरा नसला तर मूल अडत नाही. उंट, तंबू, विहीर, खजुराचं झाड, चुलीचा धूर दिसला की पुरे, बाकीचं ते स्वतः बघतं.

त्यासाठी फार लांबच्या गोष्टीही लागत नाहीत. मदीनेत अनस नावाचा मुलगा होता, पैगंबरांच्या घरी त्यानं दहा वर्षं काम केलं. इतक्या वर्षांत त्यांनी आपल्याला कधी ‘उफ्’सुद्धा म्हटलं नाही, असं त्यानं पुढे सांगितलं. त्याला एक धाकटा भाऊ होता, अबू उमैर. त्यानं चिमणीएवढा एक पक्षी पाळला होता, नुगैर. पक्षी मेला. पैगंबर घरी आले तेव्हा तो खट्टू होऊन बसला होता. त्यांनी त्याला मोठ्या माणसासारखं नावानं हाक मारली आणि यमक जुळवून विचारलं, की अबू उमैर, तुझ्या नुगैरचं काय झालं? दहाव्या शतकात तबरिस्तानच्या इब्नुल कास नावाच्या फकीहानं, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडितानं, या एवढ्याशा हदीसवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि तिच्यातून साठ मुद्दे काढून दाखवले.

मक्तबमध्ये शिकवणाऱ्या आपा ही गोष्ट सांगतात तेव्हा साठ मुद्द्यांपर्यंत कुणी जात नाही. उमैर-नुगैर हे यमक मुलं दोन-तीनदा घोळवतात. मग हात वर होऊ लागतात. कुणाचा पोपट उडून गेलेला असतो, कुणाचं कोंबडीचं पिल्लू मांजरानं नेलेलं असतं, कुणाला त्या पक्ष्याचा रंग कोणता होता ते आत्ताच्या आत्ता हवं असतं. त्या दिवशी सिपाऱ्याचा सबक थोडा मागे पडतो.